३०० क्विंटल मका शेतावरच साठवायचा आहे : पत्र्याची गोल कोठी विकत घ्यावी की विटांची बांधावी?

सिल्लोडचा मका उत्पादक (प्रश्न)

नमस्कार. सिल्लोड तालुक्यात आम्ही तिघे भाऊ एकत्र शेती करतो आणि खरिपात ११ एकरांवर मका घेतो. पाऊसपाणी ठीक राहिले तर तीनशे क्विंटलच्या आसपास दाणा निघतो. आजवर हा सगळा माल मळणी होताच, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, बाजारात जात आला आहे, कारण ठेवायला जागा नाही आणि रब्बीच्या पेरणीला पैसे लागतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये जाहीर झाला, पण आवक दाटते त्या दिवसांत आमच्या हाती हमीभाव कधी पडलेला नाही, आणि ओल जास्त म्हणून कटती लागते ती वेगळीच.

गेल्या हंगामात निम्मा माल थांबवून पाहिला. खळ्यावर ढीग केला आणि वरून ताडपत्री घातली. मध्ये दोन दिवस अवकाळी पाऊस झाला. पाणी आत गेले नाही, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. आठव्या दिवशी ताडपत्री उचलून ढिगात कोपरापर्यंत हात घातला, तर आतला दाणा अंघोळीच्या पाण्याइतका गरम लागला आणि आंबूस वास आला. मधल्या दाण्यांच्या कोंभाकडच्या टोकाला हिरवट-पिवळी बुरशी धरली होती. चांगला दिसणारा माल पडेल त्या भावाने गेला आणि बुरशी लागलेली बारा पोती अजून गोठ्याशेजारी पडून आहेत. ती उन्हात वाळवून, भरडून जनावरांना घालावीत असा विचार आहे.

आता पक्की सोय करायची आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या नालीदार पत्र्याची, बोल्टने जोडायची गोल कोठी एका विक्रेत्याने सुचवली आहे. व्यास १४ फूट आणि भिंत ११ फूट. गावातले गवंडी म्हणतात की याच मापाची ९ इंची विटांची गोल कोठी ते निम्म्या खर्चात उभी करून देतील. जागा घराच्या मागच्या भिंतीलगत धरली आहे, म्हणजे चोरीची भीती राहणार नाही. जमीन काळी आहे. विक्रेता म्हणतो की तळाला पंखा बसवला तर १८ ते २० टक्के ओलीचा मकाही कोठीतच वाळतो. हे कितपत खरे आहे? खर्च एकदाच झेपणार आहे, म्हणून ज्यांनी हे काम केले आहे त्यांचा सल्ला हवा आहे.

कृषी अभियांत्रिकीचा निवृत्त शिक्षक, परभणी

आकाराचा प्रश्न सोपा आहे, तो आधी संपवतो. सुका मका घनमीटरला साधारण ७२० किलो भरतो, म्हणजे घनफुटाला २० किलोच्या थोडा वर. तुमचे ३०० क्विंटल साठवायला सुमारे १,४७० घनफूट जागा लागेल. १४ फूट व्यासाच्या कोठीचा तळ १५४ चौरस फूट असतो, तेव्हा दाणा साडेनऊ फुटांपर्यंत चढेल आणि ११ फुटी भिंतीत वर दीड फूट मोकळी जागा उरेल. ती उरायलाच हवी, कारण वरचा थर सपाट करणे, नमुना काढणे आणि दमट हवा बाहेर जाऊ देणे ही सगळी कामे त्या दीड फुटात होतात. माप बरोबर आहे.

विटांच्या भिंतीबद्दल मात्र मला स्पष्ट लिहिले पाहिजे. धान्य पाण्यासारखे वागत नाही. पाण्याच्या टाकीत खोलीबरोबर दाब सारखा वाढत जातो. धान्याचा काही भार भिंतीशी होणाऱ्या घर्षणामुळे भिंतच उचलते आणि आडवा दाब हळूहळू स्थिरावतो. यान्सेन या जर्मन अभियंत्याने १८९५ मध्ये हे गणित मांडले आणि धान्याच्या कोठ्यांचे आराखडे आजही त्याच पायावर उभे आहेत. तुमच्या कोठीला ते लावले तर बुडाशी दर चौरस मीटरला पाऊण टनाच्या आसपास आडवा दाब येतो आणि त्यामुळे भिंतीच्या दर मीटर उंचीला सुमारे पावणेदोन टनांचा ओढ-ताण बसतो. पोलादी पत्र्याला हा ताण किरकोळ आहे. विटेच्या बांधकामाला दाब सोसतो, ओढ सोसत नाही; दर दोन-तीन थरांनंतर सळईचे वळे आणि काँक्रीटचे पट्टे घातले नाहीत तर ९ इंची भिंत पहिल्याच भरणीत उभी चिरते. असे पट्टे घालून, त्यासाठी आराखडा करून घेऊन आणि आतून ओल रोखणारा थर देऊन विटांची कोठी करता येते, पण मग ती निम्म्या खर्चात होत नाही. हाच धोका साध्या गोदामातही असतो: पोत्यांसाठी बांधलेल्या खोलीच्या भिंतीला सुटा दाणा टेकवला की भिंत बाहेर पडते.

पुसा कोठीचे उदाहरण कोणी देईल, म्हणून तेही सांगतो. कच्च्या विटांच्या दोन भिंतींमध्ये प्लॅस्टिकचा कागद घालून केलेली ती रचना, किंवा हापूडच्या संस्थेने रूढ केलेली पत्र्याची घरगुती कोठी, या दोन्ही उत्तम आहेत, पण घरच्या धान्यासाठी आणि बियाण्यासाठी. तुमची गरज त्यांच्या आवाक्याबाहेरची आहे.

खरी काळजी पायाची घ्या. भरलेल्या कोठीत तळाच्या दर चौरस मीटरवर दोन टनांहून जास्त भार असतो आणि तुमची जमीन काळी आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया एका बाजूने इंचभर जरी उचलला गेला तरी गोल कोठी लंबवर्तुळाकार होऊन बोल्टांची भोके फाकू लागतात. मुरूम लागेपर्यंत काळी माती पूर्ण काढून टाका, बाहेरून आणलेला मुरूम थराथराने पाणी मारून दाबा आणि त्यावर सळईचा सलग काँक्रीट तळ घ्या. तो आसपासच्या जमिनीपेक्षा किमान दीड फूट उंच असावा. तळाखाली जाड प्लॅस्टिकचा कागद विसरू नये, नाहीतर जमिनीतली ओल काँक्रीटमधून वर चढते आणि तळाचा वीतभर दाणा दरवर्षी काळा पडतो.

दाणा काढण्याचे तोंड तळाच्या मध्यावर घ्या. पुष्कळ जण सोय म्हणून बाजूच्या पत्र्याला दार पाडून तिथून माल ओढतात. तसे केले की एका बाजूचा दाब उतरतो, दुसऱ्या बाजूचा तसाच राहतो आणि चांगली कोठीही त्या दाराकडे पिचकते. आणखी एक गोष्ट नांगर-बोल्टांची, म्हणजे कोठी काँक्रीटच्या तळाला जखडणाऱ्या बोल्टांची. भरलेली कोठी वाऱ्याने हलत नाही, पण तुमची कोठी बहुधा एप्रिल-मेमध्ये रिकामी असेल आणि नेमका तेव्हाच वळवाचा वारा सुटतो. काँक्रीट ओलसर असतानाच बोल्ट मापाच्या फर्म्यात धरून बसवा. नंतर भोके पाडून बसवलेल्या बोल्टांवर माझा तितका भरवसा नाही.

येवल्याचा शेतकरी

भाऊ, सरांनी कोठीचे सांगितले, मी कोठीच्या आधीचे सांगतो, कारण माझे नुकसान तिथेच झाले. माझ्याकडे २०० क्विंटलची पत्र्याची कोठी चार वर्षांपासून आहे. पहिल्या वर्षी मीही पंख्यावर विसंबून १९ टक्के ओलीचा मका भरला होता. तळाचा दीड-दोन फुटांचा थर छान वाळला, आणि त्यातून निघालेली सगळी वाफ वरच्या थरात जाऊन बसली. तीन आठवड्यांनी वरचे झाकण उघडले तेव्हा मधोमध दाण्याला कोंभ फुटलेले होते. कोठी माल टिकवते, वाळवत नाही. पंख्याने वाळवायचे तर त्यासाठी लागणारा पंखा आणि जाळीचा तळ वेगळ्या ताकदीचा असतो, आणि आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये ऊन असते तशीच उष्ण हवाही असते, त्यामुळे ओला दाणा वाळण्याआधीच बुरशी गाठते.

तेव्हापासून मी दाणा वाळवत नाही, कणसे वाळवतो, आणि ती कांदा चाळीत वाळवतो. आमच्याकडे उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये चाळीत जातो आणि मका निघेपर्यंत निम्म्याहून जास्त चाळ रिकामी झालेली असते. चार फुटी रुंदीचा कप्पा, जमिनीपासून उचललेला तळ, दोन्ही बाजूंनी पट्ट्यांतून खेळणारी हवा. कणसांना याहून चांगली जागा नाही. आधी कप्पा झाडून कांद्याची पात आणि सडका माल पूर्ण काढतो, मग सोललेली कणसे भरतो. पाच-सहा आठवड्यांत, पाऊस नसेल तर त्याआधीच, दाणा १४ टक्क्यांच्या आसपास येतो. त्यानंतर मळणी करतो आणि ताडपत्रीवर बोटभर जाडीचा थर देऊन दोन-तीन उन्हे देतो. सिल्लोडकडे तुमच्याजवळ चाळ नसेल तर बांबू आणि जाळीचा तसाच अरुंद पिंजरा करा. रुंदी चार फुटांच्या पुढे नेऊ नका, लांबी वाऱ्याला आडवी ठेवा आणि पायांना पत्र्याच्या उलट्या टोप्या घाला म्हणजे उंदीर चढत नाहीत. उशिरा मळणीचा आणखी एक फायदा असा की सुका दाणा यंत्रात कमी फुटतो.

हा फुटका दाणाच माझ्या दुसऱ्या वर्षाच्या नुकसानीचे कारण होता. वरून मध्यावर माल ओतला की जड, अख्खे दाणे घरंगळत कडेला जातात आणि चुरा, भुसा, तुकडे मधोमध उभ्या खांबासारखे साचतात. त्या खांबातून हवा जात नाही आणि किडे तिथेच वाढतात. आता मी माल चाळणीवरून घेऊनच भरतो, आणि कोठी भरून झाल्यावर मधल्या तोंडातून आठ-दहा क्विंटल माल लगेच काढून घेतो. मधला चुरा त्याबरोबर खाली येतो, वरचा ढीग आपोआप खोलगट होतो आणि मग फावड्याने सपाट करायला सोपे जाते. काढलेला माल चाळून पुन्हा वर टाकता येतो किंवा तोच आधी विकता येतो.

ओल मोजायचे यंत्र कोठीच्या आधी घ्या. ते येईपर्यंत घरगुती खूण अशी की कोरड्या काचेच्या बाटलीत दोन-तीन चमचे उन्हात वाळवलेले मीठ घालायचे, तिसरा हिस्सा मका घालायचा, चांगले हलवायचे आणि १५ मिनिटे ठेवायचे. मीठ काचेला चिकटले तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे असे समजावे. चिकटले नाही म्हणजे माल कोठीत भरण्याजोगा झाला असे मात्र नाही, त्याला अजून ऊन लागते.

सिल्लोडचा मका उत्पादक

सर, भाऊ, दोघांचेही आभार. विटांचा विचार सोडला आहे. एक शंका अशी की वाळवल्यावर वजनात जी घट येते ती सोसून माल थांबवणे परवडते का? आणि नेमक्या किती टक्क्यांवर भरावे? कोणी १४ सांगतो, कोणी १२.

मध्य इलिनॉयहून एक मराठी अभियंता

दादा, मी मूळची जालन्याची. गेली काही वर्षे अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये धान्य हाताळणीच्या यंत्रांचे काम करते आणि इथल्या शेतकऱ्यांच्या बिनमध्ये, म्हणजे पत्र्याच्या मोठ्या गोल कोठ्यांमध्ये, वर्षभर माझी ये-जा असते. १४ आणि १२ हे दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या हवामानाचे आहेत. इथे बाजारभाव साधारण १५ ते १५.५ टक्के ओल धरून ठरतो. वसंतापर्यंत ठेवायचा मका १५ वर, वर्षभर ठेवायचा १४ वर आणि त्याहून जास्त काळ ठेवायचा १३ वर आणतात. हे चालते, कारण डिसेंबरपासून इथे पाणी गोठते आणि शेतकरी पंखा लावून संपूर्ण बिन शून्याच्या जवळ नेऊन ठेवतो. गोठलेल्या दाण्यात ना किडा हलतो ना बुरशी. मराठवाड्यात मार्चपासून पत्रा तापतो, तेव्हा इथले तक्ते तिथे जसेच्या तसे वापरू नयेत. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत विकणार असाल तर १३ ते १४ पुरेसे आहे. पावसाळ्यापर्यंत नेणार असाल तर १२ च्या वर भरू नका.

घटीचे गणित असे करा. दाण्यातला कोरडा भाग बदलत नाही, म्हणून जुन्या ओलीतला कोरडा टक्का भागिले नव्या ओलीतला कोरडा टक्का हेच उत्तर. २० टक्के ओलीचे ३०० क्विंटल १४ वर आणले तर २७९ क्विंटल राहतात, १२ वर आणले तर सुमारे २७३. हमीभावाच्या खरेदीत १४ टक्क्यांपर्यंतची ओल चालते, त्यामुळे १२ चा माल विकताना तुम्ही सहा क्विंटल पाण्याचे पैसे सोडता. ही टिकवणुकीची किंमत आहे आणि ती सुरुवातीलाच हिशेबात धरावी. म्हणूनच मी सगळा माल एकाच ओलीवर आणायला सांगणार नाही; लवकर विकायचा हिस्सा आणि उशिरा विकायचा हिस्सा आधी ठरवा.

पंखा मात्र घ्याच, वाळवण्यासाठी नव्हे तर थंड करण्यासाठी. या दोन कामांना लागणाऱ्या हवेत दहापट फरक आहे. तुमच्या ३० टनांना थंड करायला तासाला २०० घनमीटर हवा पुरते आणि नैसर्गिक हवेने वाळवायला तासाला २,००० घनमीटर लागते. छोट्या प्रवाहाने थंडाव्याची एक लाट तळापासून वरपर्यंत पोचायला सुमारे १५० तास लागतात, म्हणजे रोज रात्री सहा तास पंखा चालवला तर २५ रात्री. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तुमच्याकडे पारा चांगला उतरतो. तेवढ्या रात्रींत दाणा १५ ते १८ अंशांवर आला तर सोंड्यांची वाढ जवळजवळ थांबते. धुके असेल त्या रात्री पंखा बंद ठेवा. जूनमध्ये पाऊस लागला की पंख्याचे तोंड जाड प्लॅस्टिकने बांधून टाका, कारण पंखा बंद असला तरी दमट हवा त्या वाटेने आत शिरत राहते.

छताखाली पाणी का सुटते हेही समजून घ्या. मधला दाणा गरम आणि कडेचा थंड असला की हवा कडेने खाली उतरते, मध्यातून वर चढते आणि ओल सोबत घेऊन थंड पत्र्याला भिडते. सकाळी आतून छताला हात लावून पाहा. ओला लागला तर त्याच रात्रीपासून पंखा लावा. गरम माल भरून झाकण बंद करणे हे याचे नेहमीचे कारण असते, म्हणून उन्हातून उचललेला दाणा एक रात्र पसरून निवू द्यावा.

सरांनी रिकाम्या कोठीबद्दल लिहिले ते मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. १० ऑगस्ट २०२० रोजी आयोवात डेरेचो नावाचे सरळ वाऱ्याचे वादळ आले आणि असंख्य बिन कागदाच्या पेल्यासारखे चुरगळले. नव्या पिकाच्या तोंडावर त्यातले पुष्कळ रिकामे होते.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लिहायला बसले ती. मोठ्या बिनमध्ये खालून माल उपसला जात असताना वर उभा असलेला माणूस चार-पाच सेकंदांत गुडघ्यापर्यंत रुततो, त्यानंतर स्वतःहून निघू शकत नाही, आणि वीस-पंचवीस सेकंदांत पूर्ण गाडला जातो. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठ दरवर्षी अशा घटनांची नोंद ठेवते आणि त्यांत बळी पडणाऱ्यांमध्ये अनुभवी शेतकरी आणि त्यांची मुले असतात. बहुतेक वेळा कारण एकच असते: माल कुजून वर पापुद्रा धरलेला असतो, खाली पोकळी झालेली असते आणि तो फोडायला कोणीतरी आत उतरते. तुमची कोठी लहान आहे, पण साडेनऊ फूट दाणा माणसाला पुरतो. यंत्र चालू असताना कोणीही आत जायचे नाही. जावेच लागले तर खालचे तोंड बंद, पंख्याची व यंत्राची वीज तोडून कुलूप, कमरेला दोर आणि बाहेर दुसरा माणूस. वरच्या दाराला कुलूप हवेच, कारण लहान मुलांना तो दाण्याचा ढीग खेळायला बोलावतो.

कुक्कुटखाद्य तपासणीत काम करणारा, सांगली

गोठ्याशेजारच्या त्या बारा पोत्यांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. ती जनावरांना घालू नका, कृपा करून. कोंभाकडच्या टोकाला हिरवट-पिवळी बुरशी हे वर्णन अफ्लाटॉक्सिन तयार करणाऱ्या बुरशीचे आहे. बुरशी उन्हाने मरेल, तिने तयार केलेले विष उन्हाने, भरडून किंवा शिजवून जात नाही. दुभत्या जनावराने खाल्ले तर त्याचा अंश दुधात उतरतो आणि घरातली मुले तेच दूध पितात. आपल्या अन्न सुरक्षा नियमांत धान्यासाठीची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. हे प्रमाण इतके सूक्ष्म आहे की एका पोत्यातले मूठभर बाधित दाणे सगळा लॉट नाकारायला कारण ठरू शकतात. १९७४ च्या हिवाळ्याच्या तोंडावर राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी धरलेला मका खाऊन कावीळ पसरली आणि शंभरहून अधिक माणसे दगावली. ते आदिवासी शेतकरी होते आणि मका त्यांनी घरीच साठवलेला होता. तोंडाला फडके बांधून ती पोती वस्तीपासून आणि विहिरीपासून दूर खोल खड्ड्यात पुरून टाका.

दुसरे, घराच्या भिंतीलगतची जागा बदला. कोठी म्हटली की आज ना उद्या किडीसाठी धुरी देण्याचा विषय निघतो. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांतून निघणारा वायू भिंतीच्या फटींतून, खिडकीतून घरात शिरतो, आणि झोपेतली माणसे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. आपल्याकडे या औषधाचा वापर निर्बंधित आहे. ते प्रशिक्षित, परवानाधारक माणसांकडूनच आणि देखरेखीखाली वापरायचे असते. शिवाय बोल्टने जोडलेली कोठी हवाबंद नसते, वायू गळून जातो, अर्धवट धुरीने किडे मरत नाहीत आणि त्यांची पुढची पिढी औषधाला दाद देत नाही. इलिनॉयच्या ताईंनी सांगितलेला थंडीचा उपाय आणि दर हंगामाआधी कोठीचा कानाकोपरा झाडून जुना दाणा काढणे यांवर भर दिला तर धुरीची वेळ सहसा येत नाही. घरापुरता मका आणि बियाणे हवाबंद पिशव्यांत ठेवावे. त्यात किडे हवेअभावी मरतात आणि औषध लागत नाही.

आम्ही माल घेताना ओल, फुटका दाणा आणि बुरशी या तीनच गोष्टी आधी पाहतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये एकसारखा, चाळलेला, १३ टक्क्यांचा लॉट घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याशी बोलणी वेगळ्या सुरात होतात.

विकास सोसायटीत काम केलेला, जालना

पैशाच्या बाजूचे थोडक्यात. रब्बीसाठी पैसे हवे म्हणून माल विकावा लागतो असे आपण लिहिले आहे, आणि ती अडचण स्वतःच्या कोठीने सुटत नाही, कारण शेतावरच्या मालावर तारण मिळत नाही. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून चालू आहे आणि त्यात मका बसतो. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. आपल्या तालुक्याच्या समितीत ती राबवली जाते का, हे मळणीआधी जाऊन विचारा. कोठीच्या खर्चासाठी बँकेतून कर्ज घेणार असाल तर २०२० मध्ये सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीची चौकशी करा. त्यात २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर सात वर्षांपर्यंत ३ टक्के व्याज सवलत आहे. अर्ज मंजूर होण्याआधी कामाला हात घालू नका, कारण नंतर कागद जुळवताना शेतकऱ्याची फार धावपळ होते.

सिल्लोडचा मका उत्पादक

काल तिन्ही भाऊ बसून सगळे वाचले. बारा पोती आज सकाळी नाल्यापलीकडच्या पडीक तुकड्यात पाच फूट खोल पुरली. थोरल्या भावाच्या सुनेने सांगितले की त्यातले चार-पाच किलो तिने मागच्या आठवड्यात कोंबड्यांना टाकले होते. कोंबड्या अजून ठीक दिसतात, पण त्यांची अंडी आम्ही सध्या खात नाही.

या हंगामात आधी बांबू-जाळीचा चार फुटी पिंजरा आणि ओल मोजायचे यंत्र घेतो. शंभर क्विंटल १४ टक्क्यांवर आणून तारणाला, म्हणजे रब्बीचा खर्च निघेल. उरलेला माल १२ ते १३ वर आणून कोठीत. कोठीची जागा घरापासून दीडशे फुटांवर, विहिरीच्या वरच्या अंगाला धरली आहे; तिथे खणून पाहिले तर तीन फुटांवर मुरूम लागला. सर, त्या बाजूला उतार आहे, दक्षिणेकडे जमीन फूटभर खाली आहे. तळ सपाट करायला भराव घालावा की वरची बाजू कापावी?

कृषी अभियांत्रिकीचा निवृत्त शिक्षक, परभणी

वरची बाजू कापा. अर्धा पाया मूळ मुरुमावर आणि अर्धा भरावावर बसला तर भरावाची बाजू दोन-तीन पावसाळ्यांत दबते आणि कोठी त्या अंगाला झुकते. संपूर्ण तळ मूळ मुरुमावर येऊ द्या, लागणारी उंची काँक्रीटखालच्या दगडी सोलिंगने घ्या आणि कापलेल्या बाजूने पाणी कोठीकडे येऊ नये म्हणून वर एक चर काढून ते दोन्ही अंगांनी वळवून द्या. सोलिंग झाल्यावर, काँक्रीट ओतण्याआधी, चारही बाजूंनी पातळी नळीने एकदा तपासून मला कळवा.